वजनकाट्याचा बिल्ला

संस्थेच्या ऑफिसात एक पांढरा लोखंडी फळा होता आणि त्यावर एकोणसाठ चुंबकी बिल्ले चिकटलेले होते. एक बिल्ला म्हणजे एक पेशंट. डावीकडचे छत्तीस बरे होणारे: कुणाचा खुबा बदललेला, कुणाची जखम रोज धुवायची, कुणाला पुन्हा चालायला शिकवायचं. उजवीकडचे तेवीस बरे न होणारे. त्यांच्याकडे नर्स जायची ती दुखणं आटोक्यात ठेवायला, पाठ पुसायला आणि घरच्यांना तासभर डोळा लागावा म्हणून. माहितीपत्रकात या बाजूला ‘सोबत विभाग’ म्हटलं होतं. ऑफिसात ‘उजवीकडचे’ म्हणत.

बिल्ल्यांवर नावं नव्हती. पेशंटची नावं भिंतीवर टांगायची नाहीत, असा नियम होता. त्यामुळे पहिल्या भेटीत नर्सच्या नजरेत जे भरेल ते बिल्ल्यावर यायचं: ‘तीन मांजरी’, ‘निळं दार’, ‘रेडिओ मोठा’, ‘सुनेपासून जपून’.

नियम ताईंचा होता. ताई म्हणजे संस्थेच्या मॅनेजर. अठरा वर्षं हॉस्पिटलात सिस्टर म्हणून काढल्यावर त्यांनी ही संस्था काढली, तिला नऊ वर्षं झाली होती. कुठे काही बिघडलं की माणसं रागावतात, काही रडतात. ताई नियम करत. एकशे बारा झाले होते आणि वही तिसरी चालू होती.

त्यातला सगळ्यांत चांगला नियम शांततेचा. पूर्वी फोन खाली ठेवला गेला की ऑफिसच्या दुसऱ्या टोकावरून कुणीतरी ओरडायचं, “कोण गेलं रे?” एकदा हे चालू असताना दुसऱ्या फोनवर एका पेशंटची मुलगी होती. तिने ऐकलं आणि बारीक आवाजात विचारलं, “आमचे पप्पा का?” तिचे पप्पा नव्हते, पण ताईंना दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी नियम झाला: ऑफिसात तो शब्द काढायचा नाही. ज्याने फोन घेतला त्याने बिल्ला उतरवून फळ्याखालच्या टेबलाच्या कोपऱ्यात पालथा ठेवायचा. ज्याला तो दिसेल त्याने दोन सेकंद मान खाली घालायची आणि काही न विचारता पुढची कामं सुरू करायची: नर्सची फेरी रद्द, घरच्यांना शोकपत्र, पलंग परत. येणारेजाणारे म्हणत, तुमच्याकडे किती शांत वाटतं.

परवान्याच्या तपासणीचा दिवस उजाडला तेव्हा सफाईच्या मावशी साडेसातलाच आल्या. तपासणीत फळा चमकला पाहिजे असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. त्या घासण्यात उजवीकडचा एक बिल्ला खाली पडला. मावशींनी तो उचलून टेबलाच्या कोपऱ्यात ठेवला. पालथा ठेवला, कारण उताण्या वस्तूवर धूळ बसते असं त्यांचं मत होतं.

आठला दहा कमी असताना ‘वेळापत्रक’ आला. बावीस नर्सेस कुठल्या घरी किती वाजता जाणार हे लावणारा हा गृहस्थ. त्याला सगळे वेळापत्रकच म्हणत, त्याची बायकोसुद्धा फोनवर “वेळापत्रक आहेत का?” असंच विचारायची. त्याने कोपऱ्यातला बिल्ला बघितला, उलटा केला. ‘वजनकाटा.’ त्याने मान खाली घातली. दोनऐवजी चार सेकंद, कारण वजनकाटा त्याला आवडायचे. रात्रपाळीच्या बाईने फोन घेतला असणार, असं समजून तो कामाला लागला.

एरवी या कामांना दोन दिवस लागतात. पत्र टायपिंगमध्ये अडकतं, सहीचा शिक्का सापडत नाही, व्हॅन दुसरीकडे असते. पण त्या दिवशी तपासणी असल्यामुळे सगळे जय्यत तयार बसले होते. सव्वाआठला पत्र पाकिटात होतं आणि पलंगवाले दोघे भाऊ ते घेऊन व्हॅनमध्ये. नऊ वर्षांत संस्थेचं काम इतकं सुरळीत कधी झालं नव्हतं.

तपासनीस बाई दहाला आल्या. उंच, तिशीच्या, पायात धावायचे बूट, हातात टॅब. स्वतःची पाण्याची बाटली स्वतः आणलेली. ताईंनी चहा विचारला, त्या “नको” म्हणाल्या. पाणी विचारलं, त्यांनी बाटली दाखवली. ताईंना या बाईंची कीर्ती ठाऊक होती. गेल्या महिन्यात त्यांनी एका दुसऱ्या संस्थेचा असाच विभाग एका दुपारी बंद केला होता आणि तिथले अकरा पेशंट दिवेलागणीपर्यंत हॉस्पिटलच्या वॉर्डात, पडद्यांच्या मागे, जाऊन पडले होते. ताईंच्या उजवीकडे तेवीस होते. त्यांतल्या प्रत्येकाने येताना एवढंच मागितलं होतं की आता कुठे हलवू नका.

फायली बघून झाल्या. त्यात चूक सापडली नाही, याचं तपासनीस बाईंना वाईट वाटलंय की बरं, हे चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

“एक घर बघू,” त्या म्हणाल्या आणि टॅबवर बोट टेकवलं. टॅबने स्वतःच आकडा निवडला. “सतरा.”

सतरा म्हणजे वजनकाटा. वेळापत्रकाला ठसका लागला. तो शब्द काढायचा नव्हता, त्यामुळे त्याने खिशातून बिल्ला काढला आणि अलगद ताईंच्या टेबलाच्या कोपऱ्यात पालथा ठेवला.

ताईंनी बघितलं. मान आपोआप खाली गेली. पण दुसरा सेकंद संपायच्या आत ती वर आली, कारण पावणेनऊला, सातलाच त्या घरी पोचलेल्या नर्सचा फोन आला होता: वजनकाटा म्हणतात, आज चहा नव्वद मिलिलिटर दिला, ठरलाय शंभर. गेलेला माणूस दहा मिलिलिटरची तक्रार करत नाही. वजनकाट्यांच्या बाबतीत हेही छातीठोक सांगता आलं नसतं, पण नर्सने त्यांचा रक्तदाबही कळवला होता.

“एक मिनिट हं,” ताई म्हणाल्या आणि बाहेरच्या पॅसेजमध्ये गेल्या. वजनकाट्यांच्या सुनेने पहिल्याच रिंगला फोन उचलला.

“ताई, अहो किती पटकन काम केलंत.”

“कुठलं काम?”

“पलंगाचं. त्या हवेच्या गादीची मोटर घरघरते म्हणून पंधरा दिवस मागे लागले होते ना मी. आज सकाळी आले आणि आख्खा पलंगच घेऊन गेले. नवा कधी येतोय?”

“बाबा कुठेत?”

“खुर्चीत. आंघोळ झाली, दुर्बीण लावून बसलेत. आणि तुमची माणसं काय नम्र हो. दारात चपला काढून दोघं हात जोडून उभे. मला म्हणाले, वहिनी, धीर धरा. मी म्हटलं, धरते, पण दुपारपर्यंतच.”

“पाकीट दिलं का काही?”

“दिलं ना. पावती असेल. टेबलावर होतं... बाबा, ते पाकीट तुम्ही घेतलंत का? ताई, ते काही बोलत नाहीयेत. वाचतायत.”

ताईंनी फोन बंद केला आणि व्हॅनचा नंबर लावला. कुणी उचलला नाही. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, नियम त्रेसष्ट. शेजारी बसलेल्यानेही घ्यायचा नाही, कारण मग चालवणारा कान देऊन ऐकतो, नियम चौसष्ट. ताईंनी पुन्हा लावला. दोन्ही नियम पाळले गेले.

वेळापत्रक मागोमाग पॅसेजमध्ये आला होता.

“स्कूटर घे,” ताई म्हणाल्या. “व्हॅन गाठ. पलंग परत त्या घरी.”

“ताई, पण ते...”

“आहेत.”

“कोण?”

“वजनकाटा. आहेत ते.”

वेळापत्रकाने सवयीने मान खाली घातली, मग वर केली. त्याचा चेहरा फुलला. मग आपण सकाळपासून काय काय केलंय ते एकेक आठवत गेलं तसा तो उतरला. पाठोपाठ तो जिन्यावरून तीन-तीन पायऱ्या गाळत पळाला.

तपासनीस बाई स्वतःची छोटी गाडी स्वतः चालवत. कुणी शेजारी बसलं की चाळीसच्या वर नेत नसत. ताईंना एरवी असल्या गाडीत गुदमरतं. आज त्यांना वाटत होतं, तीसनेही बिघडणार नाही. पहिल्या सिग्नलला लाल दिवा लागला तेव्हा त्यांनी त्याला मनातल्या मनात हात जोडले. दुसऱ्या सिग्नलला हिरवा होता, त्याला त्यांनी जे म्हटलं ते सिस्टर मंडळी म्हणत नाहीत.

“तुमचे नियम किती आहेत?” तपासनीस बाईंनी विचारलं.

“एकशे बारा.”

“पाळले जातात?”

“आज तर सगळेच पाळले गेले,” ताई म्हणाल्या.

मांडीवरचा फोन थरथरला. वेळापत्रकाचा निरोप: ‘गोदामात नाहीत.’ पुढच्या वळणावर दुसरा: ‘पंक्चरवाल्याकडे पण नाहीत.’ ताईंनी खिडकीची काच खाली केली, वर केली. रस्त्याच्या कडेला शाळेची मुलं रांगेने जात होती. तपासनीस बाईंनी गाडी थांबवून सगळी रांग जाऊ दिली. शेवटच्या मुलाच्या बुटाची नाडी सुटली होती. त्याने ती बांधून घेतली. ताईंना त्या पोराला कडेवर घेऊन मुका घ्यावासा वाटला. तेवढ्यात तिसरा निरोप आला: ‘सापडले. पेट्रोलपंप. वळवतोय.’

घर भाजीबाजाराच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. गाडी कोपऱ्यावर लावून दोघी चालत निघाल्या तेव्हा अकरा वाजून गेले होते. गल्ली हातगाड्यांनी, टोपल्यांनी आणि गिऱ्हाइकांनी खच्चून भरलेली. ताईंच्या लक्षात आलं की इथून सकाळी नऊला व्हॅन निघू शकते. आता सायकल शिरली तरी नशीब.

त्यांनी आणखीही एक बघितलं. भाजीवाले त्यांच्या पांढऱ्या कोटाकडे बघून गप्प होत होते. कांदेवाल्या बाईने तर पदर डोळ्यांना लावला.

वजनकाटा म्हणजे वजनमापे खात्यातले निवृत्त इन्स्पेक्टर. वय एक्क्याऐंशी. हृदय इतकं थकलेलं की डॉक्टरांनी तीन महिने सांगितले होते, त्याला सात महिने झाले. आडवं झोपलं की श्वास लागायचा, म्हणून डोक्याकडून वर होणारा पलंग. कातडी पातळ झालेली, म्हणून हवेची गादी. पहिल्या दिवशी त्यांनी ताईंना एकच अट घातली होती: मरेन तो या खिडकीशेजारी. खिडकीखाली बाजार होता. पाच वर्षं ते दुर्बीण लावून त्या बाजाराची मापं बघत होते, आणि काचेचे दोन गोल आपल्यावर रोखलेले आहेत हे माहीत असल्यामुळे त्या गल्लीत मापाला कधी फरक पडत नसे.

सुनेने हसतमुखाने दार उघडलं. “आणलात नवा?”

खोलीत पलंगाच्या जागी फरशीचा एक फिकट चौकोन होता. त्यात एक चमचा, दोन गोळ्या आणि सहा महिन्यांपूर्वी हरवलेला चष्मा. खिडकीजवळच्या खुर्चीत वजनकाटा बसले होते. अंगावर शाल, नुकतेच विंचरलेले ओले केस, गळ्यात दुर्बीण, हातात उघडलेलं पत्र. श्वास थोडा वर लागला होता. मागे त्यांचा मुलगा दोन उशा त्यांच्या पाठीशी दाबून धरून उभा होता.

“पलंग?” तपासनीस बाईंनी विचारलं.

“दुरुस्तीला नेलाय,” सून म्हणाली. “मोटर घरघरत होती.”

तिने ते अगदी मनापासून सांगितलं, कारण तिची तशीच समजूत होती. तपासनीस बाईंनी टॅबवर लिहायला बोट उचललं. ताईंना काही करायचंच नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहण्यात संस्थेचा हात कुणी धरला नसता. पण वजनकाटा त्यांच्याकडे बघत होते. रागाने नव्हे. दुकानदाराचा अंगठा तागडीला लागतोय का, एवढंच बघणारी ती चौतीस वर्षांची नजर होती.

“दुरुस्तीला नाही,” ताई म्हणाल्या. “चुकून नेला आम्ही.”

“चुकून म्हणजे?”

“आम्हांला वाटलं, हे गेले.”

शांततेचा नियम केल्यापासूनच्या सहा वर्षांत ताईंनी तो शब्द पहिल्यांदा उच्चारला होता. आश्चर्य म्हणजे खोलीत कुणाला काही झालं नाही. सून तेवढी म्हणाली, “कुठे?”

“वाचून दाखवतो,” वजनकाटा म्हणाले आणि पत्र लांब धरलं. “‘त्यांच्या सहवासाचे भाग्य आमच्या परिचारिकांना लाभले. त्यांचा शांत, समाधानी व कोणतीही तक्रार न करणारा स्वभाव कायम स्मरणात राहील.’”

“हे दुसऱ्याच कुणाचं आलंय,” सून म्हणाली.

“असू दे. मी ठेवणार आहे.” त्यांनी दोनदा श्वास घेतला. “पत्राच्या आधीच मला संशय आला होता. साडेनऊपासून तिसऱ्या गाडीवर माप मारतायत. मग चौथ्यावर. पाच वर्षांत कधी नाही. म्हटलं, हे असं का वागतायत, मी काय मेलोय?”

पलंगवाल्या भावांना जिन्याखाली भाजीवाल्यांनी विचारलं होतं. ते नियमाप्रमाणे एक शब्द बोलले नव्हते. त्यांनी फक्त माना खाली घातल्या होत्या, आणि दहा मिनिटांत सगळ्या बाजाराला कळलं होतं.

तपासनीस बाई टॅबकडे बघत होत्या. “प्रश्न एकेचाळीस. शोकपत्र किती दिवसांत पोचतं? तीन दिवसांत, सात दिवसांत, त्यानंतर.” त्यांनी वर बघितलं. “आधी, असा पर्याय नाहीये.”

“आमच्या खात्यात माप जास्त भरलं तर गुन्हा नव्हता,” वजनकाटा म्हणाले.

बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी ‘तीन दिवसांत’वर खूण केली. मग आवाज बदलला. “सेवेतला खंड मात्र लिहावा लागेल. खंड दोन तासांच्या आत भरून निघाला तर शेरा. दोन तासांच्या वर गेला तर विभाग आजपासून बंद, सगळ्या पेशंटची दुसरीकडे सोय. पलंग किती वाजता गेला?”

ताईंना माहीत नव्हतं. सुनेला माहीत नव्हतं. वजनकाट्यांनी शालीतून छोटी वही काढली.

“नऊ बावीसला पलंग दाराबाहेर. आवाज आला मला, बाथरूमात होतो. नऊ बत्तीसला मी इथे बसलो. तुमचा खंड कधीपासून धरता? वस्तू गेली तेव्हापासून, की माणसाला ती लागली तेव्हापासून?”

तपासनीस बाईंनी बोटाने पानं सरकवली. नियम शोधणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो तो ताई ओळखून होत्या. “पेशंटच्या गरजेपासून,” बाई म्हणाल्या. “नऊ बत्तीस.”

“म्हणजे अकरा बत्तीस. एक मिनिट इकडे नाही, एक मिनिट तिकडे नाही. मीही देणार नाही, तुम्हीही देऊ नका.”

“नाही देणार,” बाई म्हणाल्या. दोघांनी एकमेकांकडे पहिल्यांदा नीट बघितलं, एकाच गावची माणसं परक्या शहरात भेटावीत तसं.

अकरा दहा झाले होते.

खालून हॉर्न ऐकू आला. लांब, मग दोन आखूड, मग पुन्हा लांब. ताईंनी खिडकीतून बघितलं. व्हॅन गल्लीच्या तोंडाशी पोचली होती आणि पहिल्याच गाडीपाशी अडकली होती. वेळापत्रक स्कूटर टाकून गाड्यांमधून हात जोडत, ओरडत होता, पण दर चौथ्या गिऱ्हाइकाला तो रांग मोडणारा वाटत होता. “ए, मागे हो,” असं स्पष्ट ऐकू आलं. पलंगाचा भाग खांद्यावर घेऊन यायचं तरी जागा नव्हती.

“अहो, बाजूला व्हा. पलंग येऊ द्या,” ताईंनी वरून हाक मारली. कुणी वर बघितलं नाही. बाजारात वरून हाका रोजच येतात.

“अकरा चौदा,” वजनकाटा म्हणाले. “मला खिडकीशी घ्या. अगदी काचेशी.”

मुलाने खुर्ची मागून ढकलली, पण एक पाय फरशीच्या खाचेत अडकला. तपासनीस बाईंनी टॅब सुनेच्या हातात दिला, वाकल्या आणि खुर्ची पुढून उचलली. नियमात हे बसतं की नाही ते त्यांनी त्या वेळी बघितलं नाही. वजनकाट्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. ताईंनी खालून त्यांची कोपरं धरली.

पहिलं कांदेवालीने बघितलं. तिचा तागडीवरचा हात तिथेच राहिला. तिने शेजाऱ्याला ढोसलं, त्याने वर बघितलं आणि त्याच्या हातातला कोबी टोपलीत पडला. मग माना एकेक करून वर होत गेल्या आणि गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत गप्प झाली. दुर्बीण सावकाश डावीकडून उजवीकडे फिरली. तिसऱ्या गाडीवर थांबली. तिसऱ्या गाडीवाल्याने नुकत्याच बांधलेल्या पिशवीची गाठ सोडली, आत मूठभर भेंडी घातली आणि गिऱ्हाइकाला म्हणाला, “राहिली होती.”

मग वजनकाट्यांनी दुर्बीण व्हॅनकडे वळवली आणि तिथेच ठेवली.

असं कधी झालं नव्हतं. गाड्या हलल्या. टोपल्या डोक्यांवर गेल्या, लसणाची पोती भिंतीला लागली, गिऱ्हाइकांना भाजीवाल्यांनीच दंडाला धरून ओट्यांवर चढवलं. व्हॅनला वाट मिळाली नाही, पण माणसांना मिळाली. थोरल्या पलंगवाल्याने डोक्याकडचा भाग घेतला, धाकट्याने पायाकडचा, तिसऱ्या गाडीवाल्याने न सांगता गादीची गुंडाळी खांद्यावर मारली आणि वेळापत्रक सगळ्यांच्या पुढे मोटर छातीशी धरून जिन्याने वर आला.

“अकरा एकवीस,” वजनकाटा म्हणाले.

जिन्याच्या वळणावर पलंग अडकला. सकाळी उतरवताना शांतपणे, मान खाली घालून, तो बरोबर तिरका धरला होता. आता घाईत दोघं भाऊ एकमेकांना शिकवत होते. “तू वर घे.” “तूच खाली घे ना.” “आईला सांगतो.” “सांग, तिलाच बोलव उचलायला.” कांदेवाली पायऱ्यांवरून ओरडली, “डावीकडून कलवा, मेल्यांनो,” आणि तो निघाला.

अकरा सव्वीसला चौकट फिकट चौकोनावर उभी राहिली. एक खीळ सापडेना. धाकट्याने सगळे खिसे उलटे केले, थोरल्याने धाकट्याचे. खीळ तिसऱ्या गाडीवाल्याच्या पायाखाली होती. ताईंनी चादर ओढली, कोपरे मुडपले; अठरा वर्षांची सवय, चार कोपरे, अकरा सेकंद. मुलाने आणि ताईंनी मिळून बाबांना उचललं, टेकवलं, डोक्याकडची बाजू वर केली. वेळापत्रकाने मोटरचं बटण दाबलं.

गादी फुगायला लागली. आवाज आला नाही.

“घरघर कुठे गेली?” सून म्हणाली.

“जुनी मोटर पंपावरच काढली,” वेळापत्रक म्हणाला. त्याला धड बोलता येत नव्हतं. “व्हॅनमध्ये नवी होती. म्हटलं, तुमची तक्रार आहे पंधरा दिवसांची.”

वजनकाट्यांनी डोकं मागे टेकवलं. श्वास हळूहळू खाली आला. सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं, मग तपासनीस बाईंकडे.

“अकरा एकतीस. तुमचं?”

बाईंनी टॅब परत घेतला. “अकरा एकतीस,” त्या म्हणाल्या आणि लिहिलं: खंड एक तास एकोणसाठ मिनिटं. शेरा. विभाग चालू ठेवण्यास हरकत नाही.

तिसऱ्या गाडीवाल्याने टाळी वाजवायला हात वर केले आणि वजनकाट्यांची नजर पडताच खाली घेतले.

“मात्र कारण दूर झालं पाहिजे,” तपासनीस बाई म्हणाल्या. “संध्याकाळपर्यंत लेखी.”

“मी सांगतो,” वजनकाटा म्हणाले. “ताई, लिहून घ्या. बिल्ला पालथा दिसला की पहिल्यांदा त्या घरी फोन करून विचारायचं.”

“काय विचारायचं, बाबा?” ताईंनी वही काढत विचारलं. “तेच तर अवघड आहे. विचारायचं कसं?”

त्यांनी थोडा विचार केला. “बरोबर आहे. तुम्ही विचारू नका. आम्हीच कळवू.”

निघताना तपासनीस बाई दारात थांबल्या. “ते शोकपत्र कुणी लिहिलंय?”

“मी,” ताई म्हणाल्या. “सगळ्यांना तेच जातं.”

“बदला ते,” बाई म्हणाल्या, आणि सुनेने पुढे केलेला पाण्याचा पेला त्यांनी उभ्याउभ्याच संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ऑफिसचा फोन वाजला. वेळापत्रकाने उचलला.

“वजनकाटा. आहे,” पलीकडून आवाज आला आणि फोन बंद झाला.

तिसऱ्या दिवशी नऊला पुन्हा. आठवड्याभरात नर्सेसच्या तोंडून ही गोष्ट बाकीच्या बावीस घरांत पोचली. मग ‘तीन मांजरी’ फोन करायला लागल्या, आपल्याबरोबर मांजरींचीही हजेरी देत. ‘निळं दार’ला बोलता येत नव्हतं, त्यांच्या वतीने नातू “आहेत” म्हणायचा आणि मागून काठी दोनदा आपटल्याचा आवाज यायचा. ‘रेडिओ मोठा’ स्वतः काही बोलत नसत, नुसता रिसीव्हर रेडिओपुढे धरत. डावीकडच्या बरे होणाऱ्यांनी तक्रार केली की आम्हांला का नाही. सकाळी नऊ ते साडेनऊ ऑफिसचा फोन कुणालाच लागेना, आणि त्यावर ताईंनी नियम एकशे तेरा केला: दुसरी लाइन घेणे. ऑफिसात आता अजिबात शांत वाटत नव्हतं. पाहुणे तसं बोलून दाखवत.

पुढच्या महिन्यात एका मंगळवारी नऊ वाजले आणि वजनकाट्यांचा फोन आला नाही. वेळापत्रकाने घड्याळाकडे बघितलं, मग फोनकडे. नऊ दोनला ‘तीन मांजरी’ येऊन गेल्या. नऊ चारला मावशींनी झाडू थांबवला. ताई केबिनमधून बाहेर येऊन फळ्यासमोर उभ्या राहिल्या. बिल्ला जागेवर होता, उताणा, ताईंनी मागून दुसरं चुंबक लावून पक्का केलेला. कुणी त्याला हात लावला नाही. कुणी मान खाली घातली नाही.

नऊ सातला फोन वाजला. तिघांनी एकदम हात टाकला. ताईंच्या हाती आला.

“वजनकाटा,” पलीकडून धापा टाकत आवाज आला. “आहे. सात मिनिटं उशीर, लिहून ठेवा. बेडपॅनवर होतो.”

ताईंनी लिहून ठेवलं.